इंदूरच्या आसपासच्या खेड्यांतले लोक शेती सोडून कारखान्यांत गेले, हे खरं आहे का?

मी 1996 ते 2018 इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत एका सुट्या भागांच्या कारखान्यात हजेरीचं काम बघितलं, आणि देपालपूरजवळ आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

शेती सोडली असं मला म्हणवत नाही. सप्टेंबरअखेर सोयाबीन काढणीला आलं की आमच्याकडे गैरहजेरी वाढायची, मार्चमध्ये गव्हाला पुन्हा. सकाळच्या पाळीला गेटवर मोटारसायकलींची रांग लागायची, हँडलला डबा अडकवलेला. दुपारी सुटल्यावर त्याच गाडीवर मागे युरियाचं पोतं बांधून माणूस गावी जायचा. पगारावर घर चालतं, पण बियाणं-खतही त्याच पगारातून येतं.

अनेकांना वाटतं की इंदूरच्या कापड मिल बंद पडल्या आणि ते कामगार पीथमपूरला गेले. तसं झालं नाही. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद झाली, तिच्या कामगारांना थकबाकी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. पीथमपूर धार जिल्ह्यात; मागास जिल्हा म्हणून सवलती मिळाल्या आणि 1980 च्या दशकात तिथे मोटारींचे कारखाने आले, आयशरचे ट्रक 1986 पासून तिथेच बनतात. त्यांना आयटीआय झालेली पोरं हवी होती. मागावर वीस वर्षं काढलेला चाळिशीतला माणूस त्यांना नको होता. माझ्या रजिस्टरात मिलमधून आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आणि मी लागलो तेव्हा कायम कामगार जास्त होते, निघालो तेव्हा ठेकेदाराचे.

पण खरा बदल बायकांच्या कामात झालाय, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही याचं मला वाईट वाटतं. 1970 च्या दशकापर्यंत माळव्यातली बरीच काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून पुढे गहू-हरभरा घेत. सोयाबीन आलं तसं पावसाळ्यातही काम आलं, आणि ते मुख्यतः बायकांचं: निंदणी. आमच्या शेतात पेरणीनंतर वीसेक दिवसांनी एकदा आणि चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास एकदा, दहा-बारा जणी खुरपी घेऊन ओळीनं बसायच्या. आता तणनाशक आलं. पाठीवर पंप घेतलेला एक माणूस दोन दिवसांत सगळं शेत उरकतो. फवारणी स्वस्त पडते, म्हणून आम्हीही तेच करतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या एक काकी मला म्हणाल्या, "भैयाजी, दवाईनं आमचं काम खाल्लं." मला उत्तर सुचलं नाही.

काढणीचंही तेच. पश्चिमेच्या झाबुआ-अलीराजपूर जिल्ह्यांकडून मजुरांच्या टोळ्या यायच्या, त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी पंजाबच्या हार्वेस्टरनं घेतली. त्या माणसांतले कितीतरी आता गुजरातमध्ये बांधकामावर जातात.

या बायकांना कारखान्यात जागा नाही असं नाही. औषधांच्या पॅकिंगला मुली घेतात, पण शिकलेल्या आणि कारखान्याच्या बसच्या रस्त्यावर राहणाऱ्या. पन्नाशीची काकी त्यात बसत नाही.

धार जिल्ह्यातच बदनावरजवळ भैंसोल्याला कापडउद्योगाचं मोठं पार्क होतंय, त्याचं भूमिपूजन सप्टेंबर 2025 मध्ये झालं. शिवणकाम आलं तर बायकांना काम मिळू शकेल. त्या काकींची सून गावातच शिलाई शिकते आहे. आमच्या बाजूनं रोजची बस सुरू झाली तर जाईन म्हणते.