तीन लेणी, तीन दिवस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

लोणावळ्याजवळची भाजे, कार्ले, बेडसे ही बौद्ध लेणी आणि लोहगड, विसापूर हे गड, असा दोन दिवसांचा बेत तू कळवलास. त्यातले दोन्ही गड आधी खोडून टाक. तीन लेण्यांना तीन दिवस दे, शक्यतो सोमवार ते शुक्रवारातले, आणि क्रम भाजे, बेडसे, कार्ले असा ठेव. घडण्याचा क्रमही साधारण तोच आहे. भाजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातले, बेडसे त्यानंतरच्या शतकातले आणि कार्ल्याचा मोठा चैत्य, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, इसवी सनाच्या सुरुवातीच्या काळातला. नेमके साल सांगणाऱ्यावर फार विसंबू नकोस, अभ्यासकांतही त्यावर एकमत नाही. पण या क्रमाने गेलीस किंवा गेलास, तर लाकडात बांधणाऱ्यांची सवय दगडातून हळूहळू कशी सुटत गेली ते डोळ्यांना दिसते. उलट्या क्रमाने गेल्यास कार्ल्याच्या भव्यतेपुढे भाजे उगाच ओबडधोबड वाटते.

दुसरे कारण उजेडाचे. भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे तोंड करून आहेत, बेडसे पूर्वेकडे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या लेण्यात सकाळी गेलात की दर्शनी भाग सावलीत आणि आत काळोख. मग माणूस मोबाइलचा फ्लॅश मारतो, आणि फ्लॅशने कोरीव काम सपाट होते. भाज्याला आणि कार्ल्याला दुपारी तीननंतर, बेडशाला सकाळी लवकर. बंद होण्याची वेळ मात्र आधी विचारून ठेव, कारण उजेड सर्वांत चांगला असतो तेव्हाच रखवालदार शिट्टी वाजवायला लागतो.

सामान थोडेच. प्रत्येकी दोन ते तीन लिटर पाणी, हातात धरायची टॉर्च, वही, पेन्सिल, आणि दीड-दोन मीटर सुतळी. सुतळीच्या टोकाला किल्ली बांधली की ओळंबा तयार. त्याचे काम भाज्याला पडेल.

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याला चालत जाता येते. पायऱ्या चढून वर आल्यावर लगेच आत शिरू नकोस. चैत्याच्या समोर निदान वीस मिनिटे बस. समोरची बाजू सताड उघडी दिसेल. ती तशी नव्हती, तिथे लाकडी पडदी होती. खडकात आणि जमिनीत तिच्या तुळया-खांब बसवण्याची भोके शोध. ती सापडली की रिकाम्या जागी पूर्ण दर्शनी भाग मनात उभा करता येतो. मग आत जा आणि डोळे अंधाराला सरावू देत. दहा मिनिटे तरी लागतात. या काळात टॉर्च लावायची नाही, मोबाइलही बघायचा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

आतले 27 खांब साधे अष्टकोनी आहेत, खाली बैठक नाही, वर शीर्ष नाही. खांबाला स्पर्श न करता त्याच्या कडेशेजारी ओळंबा सोड. खांब आत झुकलेले आहेत हे सुतळी आणि दगड यांच्यातल्या फटीवरून कळेल. लाकडी कमानदार छप्पर खांबांना बाहेर ढकलते, म्हणून सुतार ते मुळातच आत कलते उभे करीत. दगडात हा जोर नाही, छत डोंगराचेच आहे, तरी घडवणाऱ्यांनी तो कल तसाच कोरला. छताला लावलेल्या लाकडी फासळ्यांचेही तेच: त्या काहीही तोलून धरत नाहीत. ही एक गोष्ट नीट कळली की पुढची दोन लेणी निम्मी कळली.

दक्षिण टोकाच्या विहारात, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात, रथारूढ आणि गजारूढ अशी दोन शिल्पे आहेत. त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणण्याची पद्धत आहे. त्यावर वाद आहे, म्हणून आधी काय दिसते ते वहीत लिही, नाव नंतर. जवळच 14 स्तूपांचा गट आहे, काही खडकाच्या छताखाली, काही उघड्यावर. ते चैत्यातल्यासारखे पूजेचे मुख्य स्तूप नाहीत, दिवंगत भिक्षूंची स्मारके आहेत, आणि काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे कोरलेली आहेत.

अक्षरे वाचता येत नसली तरी ती दिसली पाहिजेत. समोरून झोत टाकला तर उथळ अक्षर पुसल्यासारखे होते. टॉर्च भिंतीच्या बाजूला, भिंतीला जवळजवळ समांतर धर. प्रत्येक खाचेत सावली पडते आणि ओळ उठून येते. खडू, पाणी, तेल लावून अक्षर ‘उठवायचा’ सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. दगड खराब होतो, आणि संरक्षित स्मारकाचे नुकसान हा 1958च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

बेडशाला कामशेतकडून जायचे. मुक्काम तिकडेच केलास किंवा केलीस तर पहाट सापडते. सुमारे 400 पायऱ्या आहेत. इथे समोरचा खडक पूर्ण फोडून काढलेला नाही, त्यामुळे चिंचोळ्या वाटेतून आत जावे लागते आणि चैत्य दुरून नीट दिसतच नाही. वाट संपते तिथे मान वर करायची: दोन पूर्ण खांब, कडेला भिंतीला जोडलेले दोन अर्धे, शीर्षांवर गुडघे टेकलेले प्राणी आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. प्राणी कोणते ते प्रत्येक शीर्षावर मोजून लिही, ‘हत्ती-घोडे’ असे मोघम नको. फासळ्यांचे लाकूड इथे उरलेले नाही. शेजारचा विहार बहुतेक जण दारातून बघून परततात. त्याची मागची भिंत अर्धगोल आहे आणि छत कमानदार, म्हणजे राहण्याच्या जागेला चैत्याचा आकार. असे उदाहरण दुर्मीळ आहे, तिथे अर्धा तास काढ.

दुपारी कुठेही जाऊ नकोस. वही पुरी कर. आराखडा प्रमाणात नसला तरी चालेल. रेघ ओढताना जे आठवत नाही, तेच नीट पाहिलेले नसते.

कार्ल्याला एकवीरेचे देऊळ चैत्याच्या अगदी पुढ्यात आहे. रविवारी आणि चैत्रातल्या यात्रेत लेणे पाहणे जवळजवळ अशक्य. इथल्या दर्शनी भिंतीवर मूळची जोडपी आणि नंतरच्या शतकांत कोरलेल्या बुद्धमूर्ती एकमेकांना लागून आहेत. त्या वेगळ्या ओळखायचा प्रयत्न कर. आत दोन्ही बाजूंना 15-15 खांब घटाकार बैठकीवर उभे आहेत, शीर्षांवर हत्ती आणि स्वार. स्तूपामागचे सात मात्र भाज्यासारखे साधे अष्टकोनी. भाज्याचा कल इथे राहिलेला नाही. छतातल्या सागवानी फासळ्या आणि स्तूपावरची लाकडी छत्री मात्र अजून आहेत. खांबांवर दात्यांचे लेख आहेत, धेनुकाकट या गावचे यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणारे लोकही, त्यांत आहेत. वलुरक हे या जागेचे जुने नाव लेखांतूनच कळते. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख आहे, आणि पुढे सातवाहनांनीही त्याच गावाचे दान दिले. सत्ता बदलली, देणगी चालू राहिली.

धोके दोनच, पण खरे. लेण्यांच्या कपाळावर आग्या मोहोळ असते. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा टाळ. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड-मान कापडाने झाकून तिथून लांब निघायचे. आणि पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते, उतरताना माणसे तिथेच घसरतात. पहिल्या खेपेला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. खडकात कोरलेल्या टाक्यांतले पाणी स्वच्छ दिसले तरी तसेच पिऊ नकोस.

पुणे-लोणावळा लोकलला दुपारी बराच खंड असतो. परतीची गाडी ठरवूनच डोंगर चढ, म्हणजे शेवटचा तास घड्याळाकडे बघण्यात जाणार नाही. वहीतली पाने पाठव. बेडशाच्या शीर्षांची यादी आधी.