बावीसपैकी चौदा चिठ्ठ्या फाड

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

ऊसतोडीच्या तळावरच्या पोरांसाठी खजिना शोधायचा खेळ मांडतेयस, त्याच्या बावीस चिठ्ठ्या लिहून तयार आहेत, सगळ्या यमकात आहेत, असं तू कौतुकानं कळवलंस. त्यातल्या चौदा फाड. आठ पुरतात. संक्रांतीच्या दुपारी चारला खेळ सुरू केलास तर साडेपाचच्या आत आटपायला हवा. पुढे टायरगाड्या, म्हणजे उसाच्या बैलगाड्या, तळावर परतायला लागतात आणि मोठ्या पोरी पाण्याला, चुलीकडे पांगतात. खेळातून अर्ध्यात उठवलेलं पोर दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे बघणारसुद्धा नाही.

बेत मात्र मला फार आवडला. ऊसतोडीच्या तळावर बाहेरचे लोक येतात ते ब्लँकेटं, जुने कपडे, बिस्किटांचे पुडे घेऊन. "रांगेत उभे राहा" हे त्या पोरांनी इतक्यांदा ऐकलंय की पाहुणा दिसला की ती आपसूक रांग धरतात. तुला त्यांना पळवायचंय, शोधायला लावायचंय. जरूर कर. पण मी हे एकदा अगदी वाईट केलेलं आहे, ते आधी ऐक.

2004 च्या हंगामात मी साखरशाळेवर, म्हणजे ऊसतोडीच्या मुलांसाठी तळाजवळ भरणाऱ्या शाळेवर होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी धरतात, त्यामुळे पहाटे दोघंही फडात जातात आणि तळावर उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि पोरं. दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या कडेवर भाऊ असतोच. मी मोठ्या हौसेनं सहा चिठ्ठ्या लपवल्या, शिट्टी वाजवली आणि चार दांडगी पोरं सुटली. बारा मिनिटांत खेळ संपला. खाऊ त्यांच्या खिशात गेला, कागद वाऱ्यावर. मी मागे दुसऱ्या चिठ्ठीच्या जागी आले, तर तिथे एक पोरगी उभी. भाऊ डाव्या कडेवर, उजव्या हातात चुरगळलेला कागद, पोरांनी टाकून दिलेला. एकेक अक्षर लावत होती, ओठ हलत होते. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, चूल ना?"

उत्तर बरोबर होतं. चुलीपाशी आता काहीच नव्हतं.

त्यानंतर मी जेवढे खजिने मांडले ते त्या पोरीला डोळ्यांपुढे ठेवून मांडले. तुलाही तेच करायला सांगते, बाकीचं पत्र हा त्याचाच तपशील.

गट पाडू नकोस, टोळ्या पाड. ऊसतोड मजुरांच्या गटाला टोळीच म्हणतात, तो शब्द तिथे रोजचा आहे. प्रत्येक टोळीला एक मुकादम, म्हणजे म्होरक्या हवा, आणि तो पोरांनी निवडायचा नाही, तू नेमायचा: जिच्या कडेवर मूल आहे ती. नियम एकच. चिठ्ठी कुणालाही सापडो, उघडायची मुकादमानं. मग पळणारी पोरं चिठ्ठी घेऊन मागे येतात, पुन्हा पुढे सुटतात, पुन्हा मागे येतात. पळणं दुप्पट होतं, त्यांना तेच हवं असतं. मुकादम आपल्या चालीनं चालते. हा नियम पहिल्यांदा केला त्या वर्षी एका पोरानं तिला विचारलं, "मुकादम, उचल किती देणार?" उचल म्हणजे मुकादम मजुरांना हंगामाआधी देतो ती आगाऊ रक्कम. मी पिशवीतली चिक्की तिच्या हातात ठेवली. तिनं ती गुडघ्यावर मोडली आणि सगळ्या टोळीत वाटली. पुढे दर वर्षी मला उचल द्यावी लागली.

टोळ्या दोनच कर, तिसरी तुला एकटीला झेपायची नाही. दोघींच्या जागा त्याच, क्रम उलटा. कोडं जागेचं असतं, त्यामुळे आठ कोडी दोनदा लिहिली की झालं. एका टोळीच्या चिठ्ठीवर हिरवी टिकली लाव, दुसरीच्या लाल. शेवटी एका चित्राचे दोन तुकडे कर, एकेक तुकडा एकेकीला. ते जोडल्याशिवाय डबा कुठे आहे ते कळू नये. आधी पोचलेली टोळीच मग बोंब मारून दुसरीला बोलावते. भांडण होणार नाही अशी आशा मात्र ठेवू नकोस. "आम्ही आधी आलो" हे होणारच. भांडू दे की.

आता वाचण्याचं. ही मुलं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलात परततात. 2010 मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला, पुढे साखरशाळा मागे पडल्या, मुलांना जवळच्या गावच्या शाळेत बसवायचं ठरलं. कागदावर ठीक आहे. पण दोन शाळांच्या दोन हजेरीपटांमध्ये पोर कुठेतरी सांडतं आणि अकरा वर्षांचा मुलगा जोडाक्षरापाशी अडतो. चारचौघांत वाचायची पाळी आली की तो "मला तहान लागली" म्हणून उठून जातो आणि परत येत नाही. म्हणून आठांपैकी तीनच चिठ्ठ्या अक्षरांच्या ठेव, त्याही जोडाक्षरांशिवाय. बाकीच्या जागी वस्तू किंवा चित्र. लिंबाचा पाला बांधलेली काडी म्हणजे लिंबाचं झाड. बैलाच्या झुलीचा गोंडा म्हणजे दावण. चार वर्षांचं पोरही ते ओळखतं, कधी कधी तेच आधी ओळखतं.

स्काऊट-गाईडच्या खुणाही वापर. मला त्या प्रशिक्षणात शिकवल्या होत्या, आयुष्यात तेवढीच एक गोष्ट कामी आली. दगडांचा बाण म्हणजे इकडे जा, दोन काड्यांची फुली म्हणजे इकडे जाऊ नका, आणि गोल करून मध्ये एक खडा म्हणजे घरी गेलो. मी त्या पोरांना पाच मिनिटांत शिकवल्या. एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तळ उठला. दोन दिवसांनी मी फळा न्यायला गेले, तर नुसती काळी पडलेली चुलीची दगडं उरली होती. त्यातल्या तीन-चार चुलींशेजारी गोल होते, मध्ये खडा.

कोडी मात्र तू रचू नकोस. तुझी यमकं चांगली आहेत, पण "निळ्या नभाच्या छायेखाली" वगैरे त्यांच्या कामाचं नाही. त्यांच्या आयांच्या तोंडी जी आहेत ती घे. आदल्या संध्याकाळी चुलीपाशी बसून विचार, दहा मिळतील. "तीन पायांची तिपाई, वर बसला शिपाई" हे तिथे फार चपखल बसतं, कारण चूल खरोखरच तीन दगडांची असते आणि तवा समोर दिसतो. "पाटील बुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब" म्हणून मक्याचं कणीस टांगून ठेवलंस तर त्याच्या दाढीत चिठ्ठी लपते. पण प्रत्येक कोडं तळावर उभं राहून तपासून घे. मी एकदा "इवलंसं कार्टं, घर राखतं" असं घातलं. उत्तर कुलूप, शाळेच्या पेटीचं, हे मी धरून चालले होते. ज्यांच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, तट्ट्याची भिंत आणि दाराच्या जागी पोतं, त्यांना कुलूप कुठून सुचणार? टोळी गप्प. मग एक पोरगी म्हणाली, "मी." बाकीच्यांनी माना डोलावल्या, त्यांना ते पटलं होतं. मला काय बोलावं सुचेना, मी नुसती पेटीकडे बोट दाखवून मोकळी झाले.

एक चिठ्ठी जादूची कर. लिंबाच्या रसाची नको. ती तापवावी लागते, आणि सगळीकडे पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला पसरलेला असताना तिथे मेणबत्ती आणायची म्हणजे कोप्या पेटवायचं काम. त्यापेक्षा धुण्याचा सोडा दोन चमचे, पाऊण वाटी पाण्यात विरघळव, काडीला कापूस गुंडाळून जाड कागदावर चित्र काढ आणि पूर्ण वाळू दे. कागद कोरा दिसतो. मुकादमानं हळदीच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर टिपायचं, घासायचं नाही, नाहीतर फरफट होते. कागद पिवळा होतो आणि चित्र लालभडक वर येतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा गुण. हळद प्रत्येक चुलीपाशी असते, हे त्यातलं सगळ्यात चांगलं. घरी एकदा करून बघ, पहिल्या खेपेला जमत नाही.

जागांबद्दल कडक राहा. पाचटाच्या ढिगात काही लपवायचं नाही, तिथे विंचू असतो, सापही. न दिसणाऱ्या कुठल्याच जागी हात घालायला लावायचं नाही. पाट, विहीर, वजनकाटा, गव्हाणीकडचा (कारखान्यात ऊस टाकतात तिकडचा) रस्ता हे सगळं फुलीच्या पलीकडे. दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरवाल्याला मागचं पोर दिसत नाही. उभ्या गाडीखालीही नको. आणि कुणाच्या कोपीत तर मुळीच नको. ते त्यांचं घर आहे, दहा पोरं आत घुसून उलथापालथ करणार, आणि उद्या एखादीची बोरमाळ सापडली नाही की तुझा खजिना सगळ्यांना आठवेल.

चिठ्ठ्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोऱ्यानं बांधून ठेव. दावणीपाशी मात्र जरा उंच बांध. माझी चौथी चिठ्ठी एकदा बैलानं खाल्ली. त्याच्याकडे सगळी टोळी रागानं बघत उभी होती आणि तो शांतपणे रवंथ करत होता. तेव्हापासून सगळ्या चिठ्ठ्यांचा दुसरा संच माझ्या पिशवीत असतो. लिहिताना शेवटापासून मागे लिही: आधी डबा कुठे ते ठरव, मग त्याकडे नेणारी चिठ्ठी, मग तिच्याकडे नेणारी. "लिंबाच्या झाडाकडे जा" ही चिठ्ठी लिंबाच्याच झाडाला बांधायची चूक सगळेच एकदा करतात. तू करशील तेव्हा हसून घे.

अचंबा मुलांना, आयांना नाही, हे विसरू नकोस. अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नका असं आया शिकवतात, आणि बरोबर शिकवतात. आदल्या रात्री जाऊन प्रत्येकीला सांग, डब्यात काय आहे तेही दाखव. मुकादमाशीही बोल, खऱ्या मुकादमाशी. पोरांना मात्र कोण ठेवून गेलं ते कळू देऊ नकोस. आमच्या तळावर दोन मतं होती, एक कारखान्याच्या भुताचं आणि दुसरं चेअरमनचं.

डब्यात तिळगूळ, बोरं, गोट्या, भोवरे असं भर. ऊस नको, हे सांगायला नकोच. वह्या-पेन्सिलीही नकोत. त्या द्यायच्या तर सोमवारी शाळेत दे. एवढं धावून-शोधून डबा उघडायचा आणि आत दुरेघी वही, ही फसवणूक आहे. सगळ्या पुड्या एकसारख्या बांध आणि पोरांपेक्षा दहा जास्त, कारण गावातलीही येतात आणि त्यांना हाकलता येत नाही. कडेवरच्यालाही मोज. त्याच्या पुडीत चिक्की आणि दाणे नकोत, घशात अडकतात. केळं दे, तेही त्याच्याच हातात.

फोन पिशवीत ठेव. तुझ्या मंडळाला फोटो हवे असतील, मला ठाऊक आहे. रिकाम्या डब्याचा काढून पाठव.

या पत्रासोबत माझा पत्र्याचा डबा पाठवतेय. झाकण घट्ट बसतं, मुंग्या जात नाहीत, पण उघडायला दोन माणसं लागतात, एकानं धरायचं आणि एकानं ओढायचं. त्याला तेल लावू नकोस.

तुझ्या
बाई

ता. क. खेळ झाला की लावलेले सगळे दोरे मोजून परत काढ. बैलाच्या पोटात दोरा गेला तर त्या माणसाचा हंगाम जातो.