मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हीआर सिम्युलेटरवर शिकता येते का?

काही टप्पे उत्तम शिकता येतात, सगळी शस्त्रक्रिया नाही.

सर्वांत जास्त फायदा कॅप्सुलोरेक्सिसला होतो, म्हणजे भिंगाच्या पुढच्या पातळ आवरणाला साधारण 5 ते 5.5 मिमीचं गोल छिद्र पाडण्याला. नवशिक्याची फाड कडेकडे पळते, कारण डोळ्याचा पुढचा कप्पा (भिंगापुढची द्रवाने भरलेली जागा) उथळ झालेला असतो किंवा फाटलेल्या आवरणाचा पापुद्रा फाडीच्या टोकापासून फार लांब धरलेला असतो. सिम्युलेटरवर ही चूक मुद्दाम पुन्हा पुन्हा घडू द्या. मग थांबा, व्हिस्कोइलॅस्टिक (कप्पा फुगवून ठेवणारं जेल) भरा, पापुद्रा फाडीच्या टोकाजवळ पुन्हा धरा आणि केंद्राकडे ओढा. रुग्णाच्या डोळ्यात हा सराव करणं शक्यच नसतं, आणि माझ्या मते या यंत्राची खरी किंमत इथेच आहे. दोन्ही पायांनी मायक्रोस्कोप आणि फेकोचं (अल्ट्रासाऊंडने भिंग फोडून शोषून घेणाऱ्या यंत्राचं) पेडल सांभाळण्याची सवयही इथेच लागते.

छेद घेणं आणि टाके घालणं मात्र वेट लॅबमध्येच (प्राण्यांच्या डोळ्यांवर सराव करायच्या प्रयोगशाळेत) शिका. बऱ्याच यंत्रांत ऊतींचा विरोध हाताला जाणवत नाही. डुकराच्या डोळ्यावर तो जाणवतो, पण त्याच्या भिंगाचं आवरण माणसापेक्षा जाड आणि लवचिक असतं, हे ध्यानात ठेवा.

स्कोअरमध्ये वेळेपेक्षा कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) आणि आवरणाला झालेली इजा आधी पाहा. घाईने मिळवलेले गुण काही कामाचे नाहीत.