वय पूर्ण असूनही सुपरमार्केटमध्ये बिअर का नाकारली?

सोलापूरहून इंग्लंडला शिकायला गेलेल्या आपल्या 23 वर्षांच्या भाच्याला ओळखपत्र नसल्यामुळे तेथील सुपरमार्केटने बिअर दिली नाही, हा भेदभाव समजावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तसे समजण्याचे कारण नाही.

तेथे मद्यखरेदीचे किमान वय 18 असले, तरी बहुतेक सुपरमार्केट ‘चॅलेंज 25’ हे धोरण पाळतात. म्हणजे ग्राहक पंचविशीच्या आतला दिसला, की त्याच्याकडे पुरावा मागायचाच. अल्पवयीनाला मद्य विकणे हा गुन्हा असून त्याचा भुर्दंड गल्ल्यावरच्या कर्मचाऱ्यालाही बसू शकतो, त्यामुळे तो बिचारा धोका पत्करत नाही. ग्राहकाने स्वतःच बिल करायच्या यंत्रावरही बाटली स्कॅन होताच व्यवहार अडतो आणि कर्मचाऱ्याने येऊन वयाची खात्री केल्यावरच पुढे सरकतो. पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. आपल्याकडे सर्वत्र चालणाऱ्या आधार कार्डावर मात्र तेथे विसंबू नये.

सोलापुरात हा प्रसंग सुपरमार्केटमध्ये येत नाही, कारण मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा जानेवारी 2022 मधील निर्णय विरोधामुळे प्रत्यक्षात आला नाही. शिवाय महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइनसाठी 21 आणि व्हिस्की, रमसारख्या मद्यासाठी 25 वर्षे पूर्ण लागतात. कागदोपत्री परवानाही लागतो, जो वाइन शॉपच्या काउंटरवर क्वचितच कोणी विचारतो. म्हणजे भाच्याला इथे व्हिस्की कायद्यानेच मिळाली नसती.