देवमासा न मारता देवमाशाचा अभ्यास

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशाच्या पिलाविषयी या सदरात लिहिले, तेव्हा घाटावरच्या कोल्हापुरातून इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतील चार प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : जपान संशोधनासाठी देवमासे मारत असे, असे वाचले. अभ्यासासाठी मारणे खरोखर आवश्यक असते का? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : एके काळी दुसरा मार्ग फारसा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. १९२५ पासून ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ अंटार्क्टिकजवळच्या दक्षिण जॉर्जिया बेटावरील शिकारतळावर, तेलासाठी ओढून आणलेल्या देहांची मोजमापे घेत आणि पोटातील अन्न व गर्भ तपासत. स्थलांतराचा माग काढण्यासाठी ते जिवंत देवमाशाच्या अंगात क्रमांक कोरलेली धातूची खूण झाडत. ती परत मिळायची तर तो प्राणी पुढे कुठेतरी मारला जावा लागे.

देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारातील आठव्या कलमाने संशोधनासाठी शिकारीची मुभा ठेवली. व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव १९८२ मध्ये झाला, तो १९८५-८६ च्या हंगामापासून अमलात आला आणि १९८७ पासून जपानने याच कलमाच्या आधारे अंटार्क्टिकमध्ये मिंके जातीचे देवमासे मारायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाच्या तक्रारीवर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ३१ मार्च २०१४ रोजी निकाल दिला. मारून संशोधन करणेच मुळात निषिद्ध आहे, असे न्यायालय म्हणाले नाही. मात्र २००५ पासून सुमारे ३,६०० मिंके मारूनही हाती आलेले शास्त्रीय फलित अत्यल्प आहे आणि मारायची संख्या उद्दिष्टांशी सुसंगत नाही, असे त्याने १२ विरुद्ध ४ मतांनी नोंदवले. माझ्या मते वैज्ञानिकांनी हा निकाल मुळातून वाचावा, कारण नमुना किती मोठा असावा या प्रश्नाची इतकी काटेकोर छाननी न्यायालयात क्वचितच होते. जपान २०१९ मध्ये या कराराखालील आंतरराष्ट्रीय देवमासे-शिकार आयोगातून बाहेर पडला आणि उघडपणे व्यापारी शिकार करू लागला.

आज त्वचेचा कणभर तुकडा छोट्या बाणाने काढून जनुके तपासता येतात, हंपबॅक जातीच्या देवमाशाच्या शेपटीखालील ठिपक्यांवरून एकेक प्राणी ओळखता येतो आणि तरंगणाऱ्या विष्ठेतून संप्रेरके मोजता येतात. ही विष्ठा वासावरून हुडकण्यासाठी बोटीवर कुत्री नेली जातात, हे ऐकून माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी हसू येते.

प्रश्न : आपल्या अरबी समुद्रात देवमाशांची शिकार झाली होती का? (निवृत्त शिक्षक, गंगावेस)

उत्तर : झाली होती, आणि चोरून. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या लगतच्या समुद्रात २४२ हंपबॅक मारले आणि ते जगापासून लपवले. ही एकच लबाडी नव्हती. दक्षिण गोलार्धात त्यांनी ४८,००० हून अधिक हंपबॅक मारले असताना आयोगाला कळवलेला आकडा २,७१० होता. १९९० च्या दशकात रशियन जीवशास्त्रज्ञ अलेक्सेई याब्लोकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या नोंदी उघड करेपर्यंत, देवमासे किती उरले याची गणिते खोट्या आकड्यांवर मांडली जात होती.

या कहाणीत एक विचित्र वळण आहे. जहाजांवरील जीवशास्त्रज्ञांनी त्या २४२ देहांची पोटे आणि गर्भ तपासून ठेवले होते, आणि त्याच नोंदींतून कळले की हे देवमासे अरबी समुद्रातच खातात, इथेच वितात आणि इतर हंपबॅकांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून वेगळे राहिले आहेत. ओमानच्या किनाऱ्यावर छायाचित्रांवरून केलेल्या गणनेत जेमतेम ८२ आढळले. २०१७ मध्ये तिथे उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली होती. म्हणजे मालवणच्या एखाद्या बोटवाल्याने सांगितलेली मोठ्या शेपटीची गोष्ट उडवून लावू नये.

प्रश्न : ‘देवमाशाची उलटी’ सापडली तर विकता येते का? (वाचक, कागल)

उत्तर : नाही. ती स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली ती बाळगणे वा विकणे गुन्हा आहे. सापडल्यास वनविभागाला कळवावे.

प्रश्न : शिकारीतून वाचलेल्या देवमाशांवर काही परिणाम होत असे का? (गृहिणी, शाहूपुरी)

उत्तर : याचे उत्तर कानातल्या मळात सापडले. बॅलीन (दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असलेल्या) देवमाशांच्या कानात मळाचे थर झाडाच्या वलयांसारखे आयुष्यभर साठत जातात. संग्रहालयांत पडून असलेल्या मळाच्या अशा बोळ्यांतून २० देवमाशांतील कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा १८७० ते २०१६ या काळातला आलेख संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. तो मारलेल्या देवमाशांच्या संख्येबरोबर चढतो-उतरतो आणि १९६० च्या दशकात शिखर गाठतो. अपवाद दुसऱ्या महायुद्धाचा आहे : त्या वर्षांत शिकार बरीच घटली होती, तरी कॉर्टिसॉल वाढलेलेच होते, आणि संशोधक त्याचे कारण युद्धनौका, पाणबुड्या व पाण्यातील स्फोट यांत शोधतात.