आरोग्य-शंका : प्रोस्टेटची धमनी सापडत नाही म्हणजे काय?

प्रश्न : आमचे आण्णा ७२ वर्षांचे. प्रोस्टेट ९० ग्रॅम, रात्री पाच वेळा उठतात. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनऐवजी जांघेतून नळी घालून प्रोस्टेटचा रक्तपुरवठा बंद करायचं सुचवलंय. पण गल्लीतल्या एकांचं दोन तास खटपट करून एकाच बाजूला झालं. असं का होतं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : डॉक्टरांचा हात कच्चा होता असं लगेच धरू नका. प्रोस्टेटला डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी रक्त पुरवणारी ही धमनी जेमतेम १ ते २ मिलिमीटरची, आणि तिचा उगम माणसागणिक बदलतो. कुणात ती मूत्राशयाच्या वरच्या धमनीबरोबर एकाच खोडातून फुटते, कुणात जननेंद्रियाकडे जाणाऱ्या प्युडेंडल धमनीतून, कुणात मांडीकडे जाणाऱ्या ऑब्ट्युरेटरमधून. एकाच माणसाची डावी-उजवी बाजूही जुळेलच असं नाही. त्यात वय, विडी आणि साखरेने वाहिन्या कडक, नागमोडी झालेल्या. नळीला वाट दाखवणारी तार लागली की धमनी आकसते. वाहिनी सैल करणारं नायट्रोग्लिसरीन देऊनही ती सैल झाली नाही, तर ती बाजू सोडलेलीच बरी. एका बाजूनेही फरक पडतो, मात्र दोन्ही बाजूंइतका भरवशाचा नाही.

जास्त जपायचं ते कण भलतीकडे जाण्याला. रक्तपुरवठा बंद करायला नळीतून बारीक मिठाएवढे, साधारण ३०० ते ५०० मायक्रॉनचे कण सोडतात. या धमनीचे फाटे गुदाशय, मूत्राशय, शिस्न यांच्या वाहिन्यांना जोडलेले असू शकतात. कण तिकडे गेले तर शौचातून रक्त पडतं किंवा शिस्नाच्या टोकाला जखम होते. म्हणून आधी टेबलाभोवती फिरणाऱ्या यंत्रावर कोन-बीम सीटी (जागेवरच काढलेला सीटी स्कॅन) करून डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, फक्त ग्रंथीतच भरतोय ना, हे बघतात. जोडणी दिसली तर कॉइलने, म्हणजे तारेच्या बारीक वेटोळ्याने, बंद करतात, नाहीतर नळी आणखी पुढे सरकवतात.

तेव्हा सांगली-मिरजेत चौकशी कराल तिथे दोन गोष्टी विचारा : आधी सीटी अँजिओग्राफी (डाय देऊन वाहिन्यांचा सीटी स्कॅन) करणार का, आणि कोन-बीमची सोय आहे का. डाय किडनीला जड जातो, म्हणून क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी हवी. कॅन्सरची शंका फिटावी म्हणून पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी. मूत्राशयच ढिलं पडलं असेल तर या उपचाराने फारसं साधत नाही, तेही तपासून घ्या. स्टेंटच्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका.

नंतर काही दिवस जळजळ, कणकण राहते. ग्रंथी हळूहळू आकसते. फरक काही आठवड्यांत जाणवू लागतो, पुरता कळायला तीन महिने जातात. लघवी तुंबली किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र सकाळची वाट बघू नका.