जेवायच्या वेळेला परत ये

‘मॅडम, तो अजून त्यातच आहे.’

समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या आईवडिलांच्या तोंडून हे वाक्य ऐकलंय की पुढचं मला पाठ झालंय. ‘त्यात’ म्हणजे अवकाशयानं, परग्रहावरची माणसं आणि जुन्या मालिकांची पारायणं. मुलगा पंचविशीचा, नोकरी लागलेली, आणि खोलीची भिंत पोस्टरांनी भरलेली. खरी भीती मात्र ते उठता उठता, दाराशी पोचल्यावर बोलून दाखवतात: ‘याला खरं-खोटं कळतं ना?’

हे बाबाही त्यांतलेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुलगा शेजारी बसलेला, पण बाबा बोलत होते माझ्याशी.

‘परवा रात्री एकटाच हसत होता. काय बघतोय म्हणून डोकावलो, तर याच्यासारख्याच वेड्यांची टिंगल करणारा सिनेमा! स्वतःवरच हसतो, पण सुधारत नाही.’

मी मुलाकडे वळले. ‘का हसत होतास?’

‘कारण ते बरोबर पकडलंय. आम्ही असेच असतो.’

मला तिथेच हायसं वाटलं. स्वतःच्या वेडावर मोकळेपणी हसता येणारा माणूस त्या वेडापासून हातभर तरी लांब उभा असतो. बाबांना हे तेव्हा सांगून पटलं नसतं, म्हणून मी सांगितलं नाही. गृहपाठ दिला: तो सिनेमा दोघांनी एकत्र बघायचा आणि मध्ये एक अक्षर बोलायचं नाही. गृहपाठात सिनेमा देण्याच्या माझ्या खोडीवर सहकारी हसतात. हसोत बापडे.

सिनेमा होता ‘गॅलक्सी क्वेस्ट’, १९९९ सालचा. एका बंद पडलेल्या अवकाश-मालिकेतले नट चाहत्यांच्या मेळाव्यांत सह्या देऊन पोट भरतायत. खरे परग्रहवासी येतात, मालिकेलाच इतिहास समजून बसलेले, आणि नटांना खऱ्याखुऱ्या यानावर घेऊन जातात. आधी एक पोरगा कप्तानाचं काम करणाऱ्या नटाला यानाच्या रचनेबद्दल प्रश्न विचारून भंडावतो आणि नट त्याच्यावर खेकसतो, की यातलं काहीही खरं नाही. पुढे संकटात त्याच नटाला त्याच पोराची मदत मागावी लागते, कारण यानाचा कोपरा न् कोपरा पाठ असतो तो त्यालाच. मदत मागायच्या आत पोरगाच समजावू लागतो, की ही नुसती मालिका आहे हे मला कळतं, मी काही वेडा नाही. नट म्हणतो, हे सगळं खरं आहे. आणि पोरगा ओरडतो, ‘मला माहीतच होतं!’

बाबा या जागी अडखळतील असा माझा कयास होता. डॉनल्ड विनिकॉट हा बालमनाचा जाणकार मला फार जवळचा. मूल आपल्या लाडक्या बाहुलीला कवटाळून बसतं तेव्हा ‘ही तुला सापडली की तू मनाने बनवलीस?’ असं त्याला विचारायचं नसतं, असं तो सांगतो. खरं आणि खोटं यांच्यामध्ये खेळाची एक जागा असते, आणि ती मोठेपणीही मिटत नाही. कलेत, पूजेत, नाटकात आपण तिथेच वावरत असतो. त्या पोराला दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठाऊक असतात: हे खोटं आहे, आणि हे खरं आहे.

पुढच्या वेळी बाबा आले ते वेगळंच घेऊन. शेवटाकडे तो पोरगा हातात फटाके घेऊन घराबाहेर पडतो. आई विचारते, कुठे निघालास? तो एका दमात सगळं सांगतो: यान कसं वातावरणात शिरतंय, ते उतरवायला आम्ही खुणेचा उजेड कसा दाखवणार. आई ऐकून घेते आणि म्हणते, बरं, जेवायच्या वेळेला परत ये.

‘मला त्यातलं काही कळलं नाही,’ बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, ‘पण तिलाही कुठे कळलं होतं?’

मी गप्प राहिले. इतकी वर्षं मी हा प्रसंग हसून पुढे ढकलत आले होते आणि पोराकडेच बघत राहिले होते. या गृहस्थांनी थेट आईकडे पाहिलं. ती पटवून घेत नाही, वादही घालत नाही. फक्त घराचं दार उघडं ठेवते.

तेव्हापासून मी आईवडिलांना खऱ्या-खोट्याची परीक्षा घेऊ नका असंच सांगते. बघायचंच तर हे वेड त्याला माणसांकडे नेतंय की माणसांपासून तोडतंय, ते बघा. ‘फॅनबॉइज’मधले मित्र ‘स्टार वॉर्स’चा नवा भाग प्रदर्शनाआधी बघायला मिळावा म्हणून देशभर गाडी हाणतात, पण गाडीत बसवलेला असतो कर्करोगाने आजारी असलेला दोस्त. सिनेमा यथातथाच, पण ओढ कुणासाठी आहे ते स्पष्ट दिसतं. उलट झोप उडाली, कामावर दांड्या सुरू झाल्या, पगार संपून उधारी चढली, मित्र गळाले, आणि साध्या थट्टेनेही तो पेटून उठायला लागला, तर जरूर या. मग आपण अवकाशयानांबद्दल बोलणारच नाही. तो कशापासून पळतोय ते शोधू. आणि पोस्टर फाडू नका. फाडलेलं पोस्टर घेऊन माझ्याकडे आलेले दोघे अजून आठवतात.

मधल्या एका भेटीत बाबा चिडून म्हणाले होते, ‘असल्या वेडाने कुणाचं काय भलं झालंय?’ मुलाने खाली बघत उत्तर दिलं होतं, की ‘स्टार ट्रेक’ या अवकाश-मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचं, ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळालं. तेव्हा बाबांनी नुसती मान उडवली होती.

शेवटच्या भेटीत ते बसता बसताच, पहिल्यांदा थेट मुलाकडे बघून बोलले.

‘मी वाचलं. ते तुझं यान अवकाशात कधी गेलंच नाही. नुसतं उतरायचा सराव करत होतं.’

मुलगा इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. ‘नाहीच गेलं, बाबा. तेच तर आमचं दुखणं आहे.’